उलटे आटे

माझ्या जुन्या माउंटन बाइकचा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो मधला बेअरिंगचा तुकडा, गंजून अडकला होता. सकाळपासून मी पान्याला लोंबकळत होतो. तेल सोडलं, हातोडी मारली, पण तो तसूभर हलेना.

माझी मोठी बहीण चहा घेऊन आली. "सरक बाजूला, मी बघते," म्हणाली. तिने डाव्या हाताने पाना धरला आणि नेमका चुकीच्या बाजूला रेटला. ताई डावखुरी. बरणीचं झाकणसुद्धा ती आधी घट्ट करते, मग उघडते. मी ओरडणार, तेवढ्यात कडकन आवाज झाला आणि तुकडा फिरला.

मी हादरलोच. साखळीच्या बाजूचे आटे उलटे असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे सकाळभर जीव खाऊन मी ते घट्टच करत होतो!

लहानपणी पंगतीत वाढताना ताईचा डावा हात पुढे आला, की आई त्यावर पळी मारायची. आम्ही बाकीचे खाली बघून जेवत राहायचो. एक हात वळवायला अख्ख्या घराने केवढा जोर लावला होता! आणि सैल काय झालं त्याने?

"ताई, अगं निघालं की!" म्हणत मी तिचा हात धरायला गेलो. तेलाने माखलेला तो हात तिने चटकन पदराखाली लपवला आणि उजवा पुढे केला.