खाली उतरण्याचा अर्ज

उन्नतीची ओढ माणसाला उपजतच असते. माझ्या अकोल्याच्या शेजाऱ्यात ती थोडी कमी पडली असावी. तो घरूनच पुण्याच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. प्रोग्रॅम चालला की लॅपटॉपलाच म्हणायचा, "जमलं ना बे!" मला भिंतीपलीकडे ऐकू यायचे. मॅनेजर झाल्यावर ते थांबले.

"काका, दिवसभर टीममधल्या पोरायले 'काहून उशीर झाला' एवढंच पुसून राहिलो," तो म्हणाला. बढतीचे पेढे खाल्ले असल्याने मी 'होईल सवय' म्हणालो.

महिन्याभराने त्याने जुने काम परत मागायचे ठरवले. कंपनीच्या ऑनलाइन अर्जात फक्त वरचे पद मागता येत होते. साहेब म्हणाले, खालच्या पदाची सोय अर्जात तूच करून दे. त्याने ती दोन दिवसांत केली आणि स्वतःचा अर्ज भरला. तो मंजूर झाला. त्या सोयीतून दुसऱ्या कुणाचा अर्ज अजून आलेला नाही.