एकच बदाम

नॉर्वेत आम्ही अकरा वर्षं काढली आणि अकराही वर्षं मी होळीला पुरणपोळी केली. तिथं जन्मलेल्या माझ्या मुलीला आपलं काहीतरी कळावं म्हणून. तिथली डाळ शिजता शिजत नसे, मी चडफडत असे, पण सोडलं नाही. मग नवऱ्याच्या नोकरीपायी त्याच्या गावी, बेंगळुरूला आलो, आणि मागच्या डिसेंबरात एचएसआर लेआउटमधल्या तिसऱ्या मजल्यावर मी ख्रिसमसची नॉर्वेजियन बिस्किटं भाजत उभी होते. का? तर मुलीला तिथलं काहीतरी राहावं म्हणून! जिथं राहते तिथलं सोडून भलतीकडचंच रांधायचं, हे माझ्या कपाळी लिहिलेलं असावं.

मुलगी नऊ वर्षांची. जूनमध्ये इथं आल्यापासून घरात तिचं तोंड जवळजवळ बंदच झालं होतं. शाळेत काय झालं? काही नाही. तिथली आठवण येते का? यावर ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि खांदे उडवायची. पोर आतल्या आत झुरते आहे, दुसरं काय! आपण हिला उपटून आणलं, या विचारानं मला अन्न गोड लागेना. तेव्हाच मी ठरवलं, या घरात ख्रिसमस होईल तर अगदी तिथल्यासारखा होईल.

तिथं आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. तिनंच मला सगळं शिकवलं. तिच्या मते ख्रिसमसला घरात बिस्किटांचे सात प्रकार हवेतच. त्यातल्या काहींना एक पांढरी पूड लागते. तिला ते लोक हरणाच्या शिंगाचं मीठ म्हणतात. आता ती शिंगांपासून करत नाहीत, पण भाजताना वास असा सुटतो की डोळ्यांतून पाणी यावं. आणि ती नसेल तर बिस्किटाला तो खुसखुशीतपणा येत नाही. मेट्रोनं चिकपेटला जाऊन मी चार दुकानं पालथी घातली. पांढरं असतं, नाकात जातं, असं वर्णन ऐकून एका दुकानदारानं शांतपणे नवसागराची पुडी पुढ्यात ठेवली. "अक्का, कल्हईलाच ना?"

घरी येऊन खायचा सोडा घातला. बिस्किटं दगड झाली. मग तिथल्या बटाट्याच्या पोळ्या करायला घेतल्या. बटाटे उकडून, कुस्करून रात्रभर गार करायचे आणि मगच पीठ मिसळायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण हाताला सवय उकडीची. गरम असतानाच मळले. गोळा पीठ मागत गेला, मी घालत गेले, आणि शेवटी जे लाटलं गेलं त्याला पोळी म्हणवेना. बिस्किटांच्या सातांपैकी धड झाले तीन प्रकार. त्या रागात मी नवऱ्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. त्याचा काय दोष होता, तो भाग वेगळा.

त्यातच शहराच्या दुसऱ्या टोकाहून, येलहंक्याहून सासूबाई आल्या. माझं सासर कित्येक पिढ्यांचं बेंगळुरूचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मुरलेलं. मी पुण्याची, मला अजूनही कधीकधी दुसऱ्यांदा विचारावं लागतं. त्या अंडं खात नाहीत. माझी तळलेली, वेलचीच्या वासाची चौकोनी बिस्किटं बघून म्हणाल्या, "ही शंकरपाळीच की गं! अंडं घालून कशाला नासवलीस?" त्या बरोबर बोलत होत्या, म्हणून मला जास्तच राग आला.

चोवीस तारखेला दुपारी भाताची खीर करतात. तांदूळ दुधात शिजवायचा, वर साखर, दालचिनी, मधोमध लोण्याचा गोळा. आणि सगळ्या पातेल्यात मिळून सोललेला बदाम घालायचा एकच. तो ज्याच्या वाटीत येईल त्यानं ब्र काढायचा नाही. गालात दडवून ठेवायचा, म्हणजे बाकीचे शोधत शोधत खीर संपवतात. शेवटी दाखवायचा आणि बक्षीस घ्यायचं. बक्षीस म्हणजे वाटलेल्या बदामांचं डुक्कर. ते मी केलं होतं. सासूबाईंनी त्याची सोंड शोधली.

मुलीला करमावं म्हणून मी बिल्डिंगमधली पाच मुलं बोलावली होती. ती दारातूनच तिच्या नावानं ओरडत आत आली. मुलीनं त्यांना गोल बसवलं आणि बदामाचे नियम कन्नडात सांगितले. भराभर, हातवारे करत. इतकं कन्नड हिला कधी आलं, असं मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात ओव्हन वाजला. खिरीत अंडं नव्हतं म्हणून सासूबाई पातेल्यापाशी होत्या. मी म्हटलं, "आई, तेवढ्या वाट्या भरता का? बदामही टाकायचाय, सांगितलं तसा."

मी बिस्किटं घेऊन बाहेर आले, तर सहाच्या सहा मुलांचे गाल फुगलेले. कोणी बोलेना. एकमेकांकडे बघून खांदे हलत होते, आणि मग एकदम सगळी फुटली. सहा तळहातांवर सहा बदाम.

मला समजायला वेळ लागला नाही. "अहो आई, एकच घालायचा असतो! एकच! सगळं सांगितलं होतं मी!"

"इतक्या लेकरांत एक बदाम?" सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी तोंड बघायचं? मी भिजवून सोलले, वाढताना एकेक टाकला. स्वल्प आनंद सगळ्यांनाच." मग माझा चेहरा बघून हळूच, "सरी, बरं, चुकलं माझं."

मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. महिनाभर मी काय काय केलं, कुठं कुठं फिरले, आणि एवढी एक गोष्ट धड होऊ नये, असं मुलांसमोर मोठ्यानं बोलले. पाचही पोरं खाली बघायला लागली. मी ताट आपटून आत गेले.

मागोमाग मुलगी आली. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"अज्जीला नको ना ओरडूस."

"तुझ्यासाठीच चाललंय सगळं," मी म्हणाले. "तिथल्यासारखं व्हावं म्हणून."

"मला नकोय तिथल्यासारखं." आणि मग जून महिन्यापासून माझ्याशी बोलली नव्हती इतकं ती एका दमात बोलली. "मला इथं खूप आवडतं, आई. मला पाच मैत्रिणी आहेत. तिथं एकच होती. पण तू सारखी रडवेली असतेस. मला आवडतंय असं सांगितलं, तर तिथली आठवण येणारी तू एकटीच उरशील ना. म्हणून मी गप्प बसायचे."

बाहेरून कोणीतरी तिला हाक मारली. ती माझ्याकडे बघत उभीच राहिली. तिला जायचं होतं, आणि ती माझ्या परवानगीची वाट बघत होती.

"जा," मी म्हणाले.

ती पळाली.

मी सिंकपाशी उभी राहिले. मला संताप आला होता, आणि तो काढायला त्या घरात माझ्याखेरीज कोणी नव्हतं.