अकराव्या विधानापुढची खूण

प्रश्नावली घेऊन आलेली ती मुलगी संशोधन करत होती. विषय होता, माध्यमिक शाळेतलं वातावरण शिक्षकांना कसं वाटतं. घनसावंगीहून जीपमध्ये अंग कोंबून आली आणि आम्हा चौदा जणांसाठी चौदा प्रती ठेवून गेली. "नाव लिहू नका, मोकळेपणानं खुणा करा," म्हणाली. बिचारी! आमच्या शाळेत मोकळेपणानं फक्त शिंकता येतं, तेही मुख्याध्यापक राउंडवर नसतील तर.

ती गेली तोच मुख्याध्यापकांनी एका कोऱ्या प्रतीची झेरॉक्स काढली, ती भरून शिक्षकखोलीच्या टेबलावर ठेवली, नमुना म्हणून. आमच्याकडं टाचणवही असो की अहवाल, एकानं लिहायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं. सगळे माना खाली घालून 'पूर्ण सहमत'वर खुणा करू लागले. रोज चहाला मुख्याध्यापकांच्या नावानं बोटं मोडणारेसुद्धा.

मला काय झालं कोण जाणे. अकरावं विधान होतं, 'मुख्याध्यापक शिक्षकांचं म्हणणं ऐकून घेतात.' मी 'पूर्ण असहमत'वर खूण केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटायचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. गठ्ठा त्यांच्या पुढ्यात होता. तेरा जणांच्या खुणा सारख्या, एकाची वेगळी. नमुना न बघता भरणारा शाळेत कोण, हे त्यांना नावाशिवायही कळणारच होतं. जन्मभर गणित शिकवून एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता.

"सर, हे बराबर न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "यंदा दहावीचं गणित नव्या सरांकडं देऊन राह्यलो. तुम्ही पाचवीची चित्रकला बघा."

एकोणीस वर्षं मी दहावीला गणित शिकवत होतो. या शाळेतलं बाकी सगळं मी त्या एका तासासाठी सोसलं होतं.

त्यांनी एक कोरी झेरॉक्स पुढं सरकवली. "इचार करा. जल्दी न्हाई."

विचार कसला करणार? उभ्यानंच भरली. वरपासून खालपर्यंत 'पूर्ण सहमत'. बाकीच्या तेरा जणांना मी मनातल्या मनात लाचार म्हणत आलो होतो.

त्यांनी माझी जुनी प्रत फाडून टोपलीत टाकली आणि नव्या प्रतीतल्या अकराव्या विधानावर बोट ठेवलं. "बघा, ऐकतो की न्हाई मी?"

"ऐकता, सर," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझी मलाच किळस आली. मग खडू उचलला आणि दहावीच्या वर्गावर गेलो. तास माझाच होता.