गबरूचे चोवीस दात

माझ्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. पुढच्या खोलीत मी लोकांचे दात काढते आणि मागच्या खोलीत काका त्यांच्यासाठी कवळ्या करतात. एकोणीस वर्षं आमचं असं बिनबोभाट चाललंय. काकांच्या टेबलावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, पॉलिश करायचं चाक आणि खिडकीपाशी दातांच्या छटांची पट्टी. माणूस अतिशय सभ्य. शर्ट इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, बोलणं मोजकं. एखाद्या पेशंटने "काका, दात जरा पांढरेशुभ्र करा" म्हटलं, की काका म्हणणार, "तुमच्या वयाला शोभतील तेवढे करतो." विषय संपला.

या माणसाला ऐन पन्नाशीत कार्टूनचं वेड लागलं. 'कार्टून' हा माझा शब्द. तो काकांसमोर उच्चारला की ते हातातली कवळी खाली ठेवतात आणि शांतपणे सांगतात, "मॅडम, ॲनिमे."

झालं असं, की चार वर्षांपूर्वी फळीवरची प्लास्टरची पिशवी काढताना काका स्टुलावरून पडले आणि पाय मोडून बसले. दीड महिना सक्तीची विश्रांती. त्यांची लेक तेव्हा सुट्टीला घरी आली होती. बापाची चिडचिड बघून तिने लॅपटॉप पुढ्यात ठेवला आणि एक जपानी ॲनिमे मालिका लावून दिली. डोंगरातल्या गावात एक मुलगी टपाल वाटत असते आणि टपालाच्या पिशव्या वाहायला तिच्यासोबत एक ड्रॅगन असतो. गुबगुबीत, निळा आणि उंचीला घाबरणारा. पंख आहेत, पण उडायचं नाव नाही. त्यामुळे दोघं आपले डोंगर चढत-उतरत पायीच टपाल वाटतात. ड्रॅगनचं जपानी नाव काकांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला गबरू करून टाकलं.

पहिल्या सीझनचे बारा भाग. बाराव्या भागात गबरू जमिनीपासून वीतभर वर उडतो. फक्त वीतभर! पण ते बघून काका मोडक्या पायासकट पलंगावर उभे राहायला निघाले, तेव्हा काकूंनी दंड धरून त्यांना खाली बसवलं.

कामावर परत आले ते हेच घेऊन. "मॅडम, इतर मालिकांत तोंडात नुसती पांढरी पट्टी काढतात. सुटे दात काढायला वेळ कुणाला आहे? पण गबरूचे दात मोजून चोवीस. वर बारा, खाली बारा. दर वेळी तेवढेच. मी थांबवून थांबवून मोजलेत." एवढ्यावर थांबते तर ते काका कसले. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी गबरूचा जबडाच घडवला. प्लास्टरचा, चोवीस दातांचा, बारीक बारीक, फटी-फटीचे. तो पेशंटांच्या जबड्यांच्या रांगेत ऐटीत बसला. एकदा माप द्यायला आलेल्या आजींनी विचारलं, "अगं बाई, हे कुणाचं हो?"

"एका ओळखीच्याचं," काका म्हणाले.

मग यंदा दुसरा सीझन आला. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. पाय मोडला होता तेवढं सोडलं तर एकोणीस वर्षांतली ही पहिली रजा. मला वाटलं घरी कुणी आजारी आहे. काकांनी खाली मान घालून खरं कारण सांगितलं आणि मी हसू दाबत हो म्हटलं. लेक आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. दुपारी साडेचारला बाप-लेकीने फोन कानाला लावून "एक, दोन, तीन, चालू!" केलं आणि दोघांनी दोन शहरांत एकाच क्षणी पहिला भाग लावला.

दुसऱ्या दिवशी काका आले ते तोंड पाडून.

"काय हो, काय झालं?"

"दात बदलले, मॅडम."

"कुणाचे?"

"गबरूचे! वरचे समोरचे दोन गायब. खाली दोन भलेमोठे, पिवळट, धार करवतीसारखी. कंपनी बदलली, चित्रकार बदलले, आणि कुणी जुनी चित्रं उघडून बघितली नाहीत. इतकी बेपर्वाई!"

पुढच्या आठवड्यात आणखी भर पडली. ज्या गबरूला वीतभर उडायला बारा भाग लागले, तो दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्याच भागात थेट ढगांत! शिवाय लढाया आल्या, स्फोट आले, टपाल राहिलं बाजूला. काकांनी तावातावाने गबरूचा दुसरा जबडा घडवला, नव्या दातांचा, पुरावा म्हणून. तो माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "तुम्हीच सांगा, हे त्याच तोंडातले दात आहेत का?" माझ्या खुर्चीत एक अक्कलदाढ वाट बघत होती. मी न बघताच म्हटलं, "छे, छे, अजिबात नाही."

लेकीला मात्र दुसरा सीझन जीव की प्राण झाला. फोनवर रोज खडाजंगी.

"बाबा, तुम्ही दात बघत बसता. गोष्ट बघा ना! तो आता धीट झालाय."

"एका रात्रीत? धीट झालेला दाखवायला नको?"

"सगळं दाखवलंच पाहिजे का?"

"पहिल्यात दाखवलं होतं!"

शेवटी लेकीनेच मार्ग काढला. आमच्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा होता. वादाचा विषय: दुसरा सीझन पहिल्याच्या तोडीचा आहे का? लेकीने 'आहे' या बाजूला स्वतःचं नाव घातलं आणि 'नाही' या बाजूला बापाचं. कळल्यावर काका दिवसभर चाकावर एकच कवळी घासत होते. मी ती काढून घेतली, नाहीतर पेशंटला बिनदाताची कवळी मिळाली असती.

रविवारी दुपारी मीही गेले. सभागृह खच्चून भरलेलं, बहुतेक सगळे विशीतले. कुणी निळी शेपटी लावलेली, कुणी पाठीवर पुठ्ठ्याचे पंख. दारातल्या स्वयंसेविकेने काकांना अडवलं. "काका, मुलांना सोडायला आलात ना? पालकांची सोय खाली केली आहे."

"मी वक्ता आहे," काका म्हणाले आणि दोन्ही जबडे असलेला डबा छातीशी घट्ट धरून आत शिरले.

मागोमाग काकू. काकू पहिलीच्या वर्गाला शिकवतात. चाळीस पोरं दिवसभर सांभाळल्यावर घरी येऊन आणखी कार्टून बघायची त्यांना हौस नव्हती, त्यामुळे या मालिकेचा एक भागही त्यांनी धड बघितला नव्हता. त्या आल्या होत्या ते नवऱ्याने आणि लेकीने चारचौघांत भांडू नये म्हणून. माझ्या शेजारी बसल्या आणि पर्समधून तपासायच्या वह्या काढल्या.

खास मेळाव्यासाठी घरी आलेली लेक आधी बोलली. फर्डं बोलली पोरगी. पहिला सीझन गोड होता, पण त्यात गावाबाहेरचं जग नव्हतं. दुसऱ्याने दार उघडलं. टाळ्या कडाडल्या. मग काका उठले. माइक त्यांच्या हनुवटीला लागत होता. पहिलं मिनिट पुटपुटण्यातच गेलं. पण डब्यातून पहिला जबडा काढून वर धरला मात्र, सभागृहातून अशी आरोळी उठली की काकूंची लाल रेघ वहीच्या बाहेर गेली.

"हा गबरूचा पहिल्या सीझनमधला जबडा," काका म्हणाले. आवाज आता खणखणीत. "चोवीस दात. लहान, शुभ्र, मध्ये फटी. आणि हा दुसऱ्या सीझनमधला. वरचे पुढचे दोन पडलेले. खाली हे दोन नवे, आकाराने दुप्पट, रंगाने पिवळट, कडेला करवतीसारखे दाते. मित्रहो, मी तीस वर्षं दात करतोय. एका तोंडातले दात असे बदलतात का?"

"नाही!" अर्धं सभागृह ओरडलं.

"अहो!"

हा आवाज माझ्या शेजारून आला. काकू उभ्या राहिल्या होत्या. हातात लाल पेन तसंच.

"अहो, काय बोलताय काय तुम्ही? त्याचे दुधाचे दात पडलेत!"

सगळ्या माना काकूंकडे वळल्या.

"माझ्या वर्गात निम्म्या पोरांची तोंडं अशीच आहेत सध्या," काकू म्हणाल्या. "पुढचे दोन पडतात. मग पक्के येतात ते मोठ्ठे, जरा पिवळसर, आणि धारेला कात्रे असतात. नंतर झिजतात ते. एवढं तर माझी पोरंही सांगतील. ते पिल्लू मोठं होतंय हो!"

मी खुर्चीत खाली खाली घसरत गेले. दातांची डॉक्टर मी. तो जबडा माझ्या नाकासमोर धरला होता आणि मी "छे, छे" म्हटलं होतं.

काका मात्र दोन हातांत दोन जबडे घेऊन पुतळ्यासारखे उभे. एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. त्यांचा सगळा व्यवहार माणसाच्या शेवटच्या दातांशी. पहिले दात पडतात ते बघायची वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती. लेकीचे पडले तेव्हा ते इथे माझ्या मागच्या खोलीत कवळ्या करत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. मग ते मोठ्याने हसले. एकोणीस वर्षांत मी काकांचे स्वतःचे दात पहिल्यांदा बघितले.

"दुधाचे दात!" ते माइकमध्ये ओरडले. "अरे, दुधाचे दात आहेत! त्यांनी चार वर्षं आधी ठरवलं होतं! म्हणून पहिल्या सीझनमध्ये फटी होत्या! अगं, तू आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही मला दाखवलंत कधी?" काकू म्हणाल्या.

पुढचा गोंधळ काय सांगू. पुठ्ठ्याचे पंखवाले बाकांवर चढले. निळ्या शेपटीची एक मुलगी आनंदाने रडायला लागली. लेक मंचावर धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली आणि तिथूनच ओरडली, "मी म्हणत होते ना, तो मोठा झालाय!"

"मला बाजू बदलायची आहे," काका म्हणाले.

सूत्रसंचालक गडबडला. "तसं नियमात नाही, काका."

"मग अर्धीच बदलतो. दातांपुरती." त्यांनी शर्ट नीट केला. "दातांचं काम पहिल्याच्या तोडीचं, कदाचित वरचढच. चित्रकारांची मी माफी मागतो. पण उडण्याचं मी मागे घेणार नाही. मोठा झाला, मान्य. पण भीती काही दातांसारखी आपोआप पडत नाही. ती कशी गेली, यासाठी एक भाग तरी द्यायला हवा होता. पहिल्या सीझनने आपल्याला वीतभरासाठी बारा भाग थांबायला लावलं आणि आपण थांबलो. दुसऱ्याने आपल्यावर तेवढा विश्वास ठेवला नाही."

यावर 'आहे' वाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मतं मोजली तेव्हा दुसरा सीझन नऊ मतांनी जिंकला. काकांनी आपलं मत विरोधात टाकलं आणि निकाल लागल्यावर सगळ्यांत आधी शिट्टी मारली. त्यांना शिट्टी येते हेही मला त्या दिवशी कळलं.

घरी जाऊन काकूंनी पहिल्या भागापासून मालिका लावली. आठ दिवसांत दोन्ही सीझन संपवले आणि निकाल दिला: दुसराच चांगला. "पहिल्यात नुसते चालतच बसलेत हो दोघं! माझी पोरं एवढा वेळ घेतील तर मधली सुट्टी संपेल." हे काकांना इतकं लागलं की दोन दिवस ते माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. आता त्यांच्या घरी जेवताना हाच विषय असतो आणि लेकीला फोन करून निवाडा मागितला जातो. लेक म्हणते, नेटवर्क नाही.

मीही चोरून सुरू केलंय. चौथ्या भागापर्यंत आले आहे. काकांना ताकीद दिली आहे की पुढचं एक अक्षर सांगायचं नाही. बिचारे ओठ घट्ट मिटून कवळ्या आणून देतात आणि मागच्या खोलीत जाऊन, चाकाच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने, खो खो हसतात.