खोल खाचांचे टायर आणि अण्णांचा 'हाव'

मंडळी, आज लातूरला जीपचे टायर बदलायला गेलो. सोबत वडील, अण्णा. त्यांना जरा कमी ऐकू येतं.

मला खोल खाचांचे, चिखलाचेच टायर हवे होते. औशाजवळच्या आमच्या रानातली काळी माती पावसाळ्यात चाक सोडत नाही.

दुकानदार चाचांनी विचारलं, "रानात किती बार जाता?"

"आठवड्यातून एकदा."

"अन् डांबरीवर?"

"रोज. नोकरी लातूरला हाय."

चाचांनी तसलेच टायर लावलेली स्वतःची जीप दिली. "एक चक्कर मारून या."

डांबरीवर टायर नुसते घोंघावत होते. मी बोलत होतो, अण्णा मान डोलावत "हाव, हाव" म्हणत होते. उतरल्यावर विचारलं, "काय म्हणलो मी?"

"टायरचंच म्हणला असशील."

मी विचारलं होतं, पोरीला शिकायला नांदेडला ठेवू का.

शेवटी मध्यम खाचांचे, दोन्हीकडं चालणारे टायर बसवले. मी म्हणलो, "लई चिखल झाला तर?"

अण्णा म्हणाले, "गाडी रोडला लावायची, चपला हातात घ्यायच्या."

घरी येताना पोरीचं पुन्हा विचारलं. या बारीला 'हाव' आला नाही. अण्णा माझ्याकडं वळून बसले. मग म्हणाले, "ठेव. पण भेटायला मला घेऊन जात जा."

तुमच्या गाडीत शेजारच्याला तुमचं ऐकू येतं का?