बाळंतिणीची खोली

भर अंगणात बाज टाकून गोदाबाई तिच्याशेजारी मातीतच आडवी झाली, तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं, हिला भोवळ आली. दोघीतिघी धावत आल्या. गोदाबाईनं पडल्यापडल्याच त्यांना हातानं मागे सारलं आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या आता माप. बाज एवढी, मी एवढी. अन् मधात पाय ठेवाले जागा पायजे का नाई?"

चंद्रभानच्या हातात टेप होता, पण कुठं बघावं ते न कळून तो आभाळाकडे बघत होता. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात गठ्ठे बांधणारा साधा माणूस. बायकोपुढे काही बोलायचं तर त्याला आधी दोनदा खोकावं लागे.

"अवं, ऊठ नं," तो म्हणाला. "लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. त्याईच्या पोरी नाई येत का बाळंतपनाले?"

सगळं घोडं इथंच अडलं होतं. त्यांची एकुलती एक लेक आकांक्षा अकोल्याला दिलेली. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर आपल्याकडचा रिवाजच. आता पोरं दवाखान्यात होतात म्हणा, पण पुढचा सव्वा महिना बाळंतीण आईजवळ असायला हवी. अंगाला तेल, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं आईच्या हातचं. आणि हे करायला गोदाबाईच्या घरात होती काय, तर पुढची एक खोली, मागं चुलीपुरती जागा आणि ओसरी. म्हणून परसातला पडका गोठा पाडून तिथं एक खोली घालायची, असं तिनं ठरवलं होतं. कधी ठरवलं म्हणून विचाराल, तर आकांक्षा झाली तेव्हाच.

तेव्हा गोदाबाई चांदूर बाजारला माहेरी गेली होती. माहेरचं घर म्हणजे एकच खोली आणि माणसं घरभर. आईनं दोरीवर आपलं लुगडं टाकून आडोसा केला. लुगड्याच्या पलीकडे बाप आणि भाऊ जेवत, अलीकडे ही ओली बाळंतीण. लेकरू दूध पिताना चुटूचुटू आवाज करी, त्याचीही तिला लाज वाटे. रडू आलं तर पदर दातात धरून रडायचं. बाळंतपणाची कळ बाई विसरते म्हणतात. गोदाबाई कळ विसरली, ते लुगडं विसरली नाही. आपल्या लेकीला दाराची खोली मिळावी, आतून कडी लावून घेता यावी, एवढीच तिची जन्माची हाव. त्यासाठी ती वर्षानुवर्षं उन्हाळाभर लोकांच्या शेवया करून देत आली, मनगटं सुजेपर्यंत.

पण गाठीला बांधलेल्या पैशाला सिमेंटचा भाव कुठं ठाऊक असतो! गावातले जुने गवंडी नत्थुजी आले, गोठ्याच्या निघालेल्या विटा त्यांनी पायानं उलथ्यापालथ्या करून पाहिल्या, चंद्रभाननं आणून ठेवलेले टिनाचे पत्रे पाहिले आणि म्हणाले, "बाई, एवढ्या सामानात आठ बाय दहा होते. वर एक वीत नाई."

"दहा बाय बारा नाई का होत?"

"मी बांधतो जी. विटा तुमी पैदा करा."

चंद्रभान खोकला. "अंथरून पाहून पाय पसरावं मानसानं."

"अंथरून माह्या पोरीचं हाय. तुमी त्याचे पाय नोका मोजू," गोदाबाईनं त्याला तिथंच गप्प केलं.

मग सुरू झाली खडाजंगी. परसात चुन्याच्या फक्कीनं आठ बाय दहाचा चौकोन आखला होता आणि नवराबायको सकाळ-संध्याकाळ त्या चौकोनात उभी राहून भांडत होती. बसवायच्या गोष्टी चार. न्हाणी, बाज, पाळणा आणि गोदाबाईचं स्वतःचं अंथरूण. काही केल्या चारही बसेनात. तीन बसत, चौथी फक्कीच्या बाहेर.

चंद्रभान म्हणे, न्हाणी बाहेर काढू.

"वा! हिवाळ्यात ओली बाळंतीन अंगन ओलांडन? वारं लागलं म्हंजे?"

मग पाळणा पुढच्या खोलीत बांधू, असं त्यानं एकदाच म्हणून पाहिलं. त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर नुसता ठेचा मिळाला.

शेवटी एका सकाळी ती एकटीच चौकोनात गेली. बाजेची रेघ तशीच ठेवली, न्हाणीची ठेवली, कोपऱ्यातली पाळण्याची ठेवली, आणि आपल्या अंथरुणाची रेघ तळपायानं पुसून टाकली. चंद्रभान ओसरीवरून बघत होता.

"तू कुठं झोपशीन मंग?"

"ओसरीवर पडीन. पोरीनं हाक मारली का आली. आईले काय, कुठंबी झोप लागते."

ठरलं. आठ बाय दहा. विटा चढल्या, टिन आलं. टिन ठोकायच्या दिवशी नत्थुजींनी वरूनच विचारलं, "बाई, पाळन्याचा हूक आताच बसवून देऊ का? मागून टिनाखालच्या पाइपाले भोक पाडासाठी टिन उचलावं लागन, मंग पावसात गळन."

खाली गोदाबाईची थोरली जाऊ, वच्छलाबाई, उभी होती. ती चपापली. "नोको व गोदे. पोटातल्या लेकराच्या नावानं आंधी काई करू नाई. मानसं टोपडंबी आनत नाईत."

खरंच, तशी रीत आहे. लेकरू हातात आल्याशिवाय त्याची वस्तू घरात येत नाही. गोदाबाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती स्वतः दुसऱ्यांच्या सुनांना हेच सांगत आली होती. पण एवढ्या वर्षांची खोली डोळ्यांपुढे उभी राहत होती आणि वरून टिन गळू द्यायचं? "लेकराचा कुठं, खोलीचा हूक हाय तो," ती हसून म्हणाली. "लावा हो नत्थुजी." हूक बसला. तिनं दोन्ही हातांनी त्याला लटकून पाहिलं, तेव्हा वच्छलाबाईलाही हसू आवरेना.

खोली झाली. आतून चुना, दाराला हिरवा रंग. गोदाबाई आत गेली, तिनं कडी लावली आणि उगाच बसून राहिली. कितीतरी वेळ. चंद्रभाननं बाहेरून विचारलं, "काय करून राहिली व?" ती म्हणाली, "काई नाई." फोनवर रोज लेकीला खोलीचं वर्णन चाले. "आई, तू हॉटेल बांधून राहिली का?" आकांक्षा हसायची. नववा लागला की तिला आणायचं, असं ठरलं होतं.

नववा लागायच्या आधी जावयाचा, शिवमचा, फोन आला. बाळ पोटात हलत नाही, दवाखान्यात नेतोय, एवढंच तो बोलू शकला.

गोदाबाई अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. अमरावतीपर्यंत ऑटो, तिथून अकोल्याची बस. बस मूर्तिजापूरला थांबली, तेव्हा कंडक्टर चहा प्यायला उतरला याचा तिला इतका राग आला की ती खिडकीतून त्याच्यावर ओरडली. त्या बिचाऱ्याला काय माहीत. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगा होता. नाळेचा फास बसला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही. त्या मनापासूनच म्हणाल्या असतील. पण गोदाबाईच्या कानात वच्छलाबाईचा आवाज घुमत होता. तिच्या लेखी चूक कुणाची ते ठरून गेलं होतं.

आकांक्षा भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईचा हात कपाळावर आला तसं तिनं डोळे न उघडताच विचारलं, "आई, खोली झाली?"

"झाली व माय."

तिनं लेकीच्या अंगावरची चादर सारखी केली. 

दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी विहीण गोदाबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "ईनबाई, तिले आता इथंच राहू द्या. लेकरूच नाई तं कायचं बाळंतपन? तिथं ते खोली पाहून अजून जीव जळन तिचा." विहीण वाईट बाई नव्हती. तिचा नातू गेला होता, तिचेही डोळे सुजलेले होते. आणि तिचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. गोदाबाईच्याही डोळ्यांपुढे तो हूक आला. त्या पाळण्याच्या कोपऱ्यात पोरीला कोणत्या तोंडानं न्यायचं?

तेवढ्यात तिचं लक्ष आकांक्षाकडे गेलं. पोरगी खाटेच्या काठावर बसून ओढणी पुन्हा पुन्हा छातीवर ओढून घेत होती. गाऊन ओला झाला होता. दूध आलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की प्यायला कोणी नाही.

 गोदाबाई ताडकन वळली. "ईनबाई, लेकरू नाई, पन बाळंतीन तं हाय नं? दूध येऊन राहिलं तिले. अंग दुखते, कंबर दुखते. तिचा सव्वा महिना कोन करन? मी नेते माह्या पोरीले."

शिवम खाली मान घालून उभा होता. तो सासूला फक्त म्हणाला, "गाडी बोलावतो, आई."

निघताना तिनं चंद्रभानला फोन केला. खोली झाडून ठेवा, शेगडी पेटवून ठेवा. त्यानं सगळं केलं, आणि न सांगता आणखी एक काम केलं. स्टुलावर चढून हॅक्सॉच्या करवतीनं पाळण्याचा हूक कापून टाकला. पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून. पण जुनं लोखंड काळं असतं आणि कापलेलं लोखंड चमकतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आकांक्षा बाजेवर टेकली, पाठीवर वळली, आणि तिची नजर पहिल्यांदा तिथंच गेली.

"बाबा, वर काय होतं?"

चंद्रभान दोनदा खोकला. तो बाहेर गेला आणि बोअरच्या हापशीचा दांडा हलवू लागला. हापशीखाली बादली नव्हती.

गोदाबाई बाजेच्या पायाशी खाली बसली. अकोल्यापासून तिनं जे दाबून ठेवलं होतं ते आता एकदम फुटलं. "पाळन्याचा हूक होता. मीच लावला. वच्छलाबाई नाई म्हने, तरी मीच. लेकराच्या आंधी त्याची जागा मोजली मी, माय. माह्याच्यानंच झालं हे. माह्या हौशेनं खाल्लं त्याले." ती कपाळ बडवू लागली.

 आकांक्षानं हात लांब करून आईचं मनगट धरलं. "नाळेले हूक दिसत नाई, आई," ती म्हणाली. आवाजात जीव नव्हता. "अन् असं पुन्हा नोको म्हनू. सारं तुह्यावर आलं तं मी कोनाजवळ येऊ?"

गोदाबाईचे हात थांबले. रडणं थांबलं नाही.

दिवेलागण झाली. तिनं लेकीला शेकलं, तेल लावलं, दूध ओसरावं म्हणून छातीला कोबीची पानं बांधली, वरण-भाकरी भरवली. आकांक्षानं दोन घासांच्या वर खाल्लं नाही. मग गोदाबाईनं आपली गोधडी काखेत मारली आणि दाराकडे निघाली.

"कुठं चालली?"

"ओसरीवर. हाक मार, मी जागीच हाय."

"इथंच झोप."

"इथं कुठं व? जागा नाई."

आकांक्षानं मान वळवली नाही, नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं. "ते हाय नं रिकामी."

गोदाबाई गोधडी धरून उभीच राहिली. त्या कोपऱ्यात तिनं इतके दिवस केरसुणीसुद्धा ठेवली नव्हती. तिथं पाय टाकायचा म्हणजे जणू कुणाच्या अंगावर पाय द्यायचा. पण पोरगी डोळे उघडे ठेवून वाट बघत होती. गोदाबाईनं दाराला आतून कडी लावली आणि गोधडी कोपऱ्यात अंथरली. जागा पाळण्याच्या मापाची. एवढ्या बाईला ती कशी पुरणार? तिला गुडघे पोटाशी घ्यावे लागले, मान छातीशी घ्यावी लागली, तेव्हा कुठं ती मावली.

थोड्या वेळानं बाजेवरून आकांक्षाचा हात खाली आला. हवेत चाचपडला, आईच्या दंडावर टेकला आणि थोपटू लागला. हलके हलके, एकसारखा. ती झोपेत होती की जागी, ते समजत नव्हतं. तो हात आपल्यासाठी नाही, हे गोदाबाईला कळलं, आणि तो थांबू नये म्हणून ती जराही न हलता पडून राहिली.