पुन्हा सांगते

ओर्फेलिना मावशीने एकतीस वर्षं आमच्या आचाओ गावच्या रेडिओवर बेटांचे निरोप वाचले. "आलाओ बेटावरच्या बार्रिया मंडळींसाठी निरोप. आजोबांना दवाखान्यातून सोडलंय. मंगळवारी धक्क्यावर घोडा घेऊन या. पुन्हा सांगते..." प्रत्येक निरोप ती दोनदा वाचायची. पहिला वाऱ्याने नेला, तर दुसरा तरी पोचावा. तिच्या निरोपावर विसंबून कुणी धक्क्यावर उगाच ताटकळलं नाही, याचा तिला भारी अभिमान. मलाही.

मग नव्या मालकाने तो कार्यक्रमच बंद केला. "आता सगळ्यांच्या खिशात फोन आहेत, डोन्या ओर्फे," म्हणाला. मावशी तीन दिवस कुणाशी बोलली नाही, नुसते मिल्काओच्या वड्यांसाठी बटाटे किसत बसली. इतके मिल्काओ झाले की शेजारची डुकरंसुद्धा कंटाळली.

मी वाचनालयात नोकरीला. तिचं तोंड उघडावं म्हणून तिथल्या कंप्युटरवर मीच तिला फुकटचा ब्लॉग काढून दिला.

"रंग कुठला हवा, मावशी?"

"बोटीचा निळा. आणि अक्षर मोठं ठेव, लोक चष्मे घरी विसरतात."

पहिल्याच दिवशी तिने हवामान लिहिलं, सफरचंदांची खबर लिहिली. आणि सगळं दोनदा.

"अगं, एकदाच लिही. इथे कुठला आलाय वारा?"

"येसेन्या, तू चार बुकं शिकलीस म्हणून मला निरोप शिकवू नकोस."

महिनाभर कुणाची एक ओळ आली नाही. आमच्या हिशेबाने वाचक तीनच. एक ती, एक मी आणि एक घरून पुन्हा मीच.

त्यातच एका गुरुवारी डोन्या लुदोविना बोटीने आली आणि मावशीला शोधत वाचनालयात पोचली. वय एक्क्याण्णव. मुलगा एरिबेर्तो मेंढ्यांची लोकर कापायला अर्जेंटिनात गेलेला, चार वर्षं फोन लागत नव्हता. "रेडिओवर सांग बाई, आई वाट बघतेय म्हणून. डोळे आहेत तोवर बघून घेईन." रेडिओ बंद झाल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मावशीने सांगितलंही नाही. "सांगते," एवढंच म्हणाली, आणि ब्लॉगवर निरोप लिहिला. दोनदा.

म्हातारी दर गुरुवारी यायची. "आलं का काही?" मावशी मान हलवायची. चौथ्या गुरुवारी म्हातारी दाराशी बाकावर टेकली, तेव्हा मावशी माझ्या कानात म्हणाली, "ह्या डबड्याला कानच नाहीत. बंद कर. एकतीस वर्षांत माझा एक निरोप पडून राहिला नव्हता गं." तिचा आवाज फाटला. मला रडूच आलं.

बंद करायचं बटण शोधताना एक ओळ दिसली: 'मंजुरीच्या प्रतीक्षेत प्रतिक्रिया: बेचाळीस.' कुणी चावट मावशीला त्रास देऊ नये म्हणून वाचकांचं लिहिलेलं आधी तपासूनच दिसावं, अशी खूण सुरुवातीला मीच केली होती, आणि विसरले होते. बेचाळीस माणसं मंजुरीच्या दाराबाहेर उभी! दूर दक्षिणेतल्या पुंता अरेनासची, अर्जेंटिनातल्या रिओ गायेगोसची, कुठकुठची. 'डोन्या ओर्फे, वाचताना तुमचा आवाज ऐकू आला.' 'दोनदा लिहिलेलं बघून घरची आठवण आली.' आणि मधेच एक, नऊ दिवसांपूर्वीचं.

मावशीने वाचलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, घड्याळ बघितलं. साडेतीन.

ती उठली, स्वेटर खाली ओढला, घसा साफ केला आणि बाकाकडे वळून रेडिओवरच्या आवाजात म्हणाली, "आलाओ बेटावरच्या डोन्या लुदोविना यांच्यासाठी निरोप. आई, बावीस तारखेला, गुरुवारी, चारच्या बसने आचाओला उतरतो. स्टँडवर ये. तुझा एरिबेर्तो."

म्हातारी ताडकन उठली.

"मावशी, आज बावीस! चल लवकर!" मी ओरडले.

"थांब," मावशी म्हणाली. "त्याने दोनदा लिहिलंय. पुन्हा सांगते." आणि एकही शब्द न गाळता तिने सगळा निरोप पुन्हा वाचला.

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा बस यायला अजून पाच मिनिटं होती.